बर्फाच्या गुहेत मोबाइल: बॅटरी का मरते, बर्फ राखाडी का दिसतो आणि मॅपवरची पिन का फसवते

इन्स्टाग्रामवर ती निळी गुहा तुम्ही नक्की पाहिली असेल. काचेसारखं छत, मधोमध लाल जॅकेट घातलेलं कुणीतरी, आणि वर लोकेशन: आइसलँड. लोकेशनवर टॅप केलं की मॅप उघडतो. मॅपवर पिन, पिनला भरपूर स्टार, खाली शेकडो फोटो. एखादं हॉटेल असावं तसं सगळं.

मी गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या दोन मित्रांसोबत तिथे जाऊन आलो. परत आल्यावर सगळ्यांनी दोनच प्रश्न विचारले: 'खर्च किती आला?' आणि 'तिथे फोन चालतो का?' पहिल्याचं उत्तर ऐकून आई दोन दिवस बोलली नाही, त्यामुळे ते इथे लिहीत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र नीट द्यावंसं वाटलं. त्यात त्या पिनबद्दलही सांगायचंय, कारण बॅटरी किंवा कॅमेऱ्याने दगा दिला तर फार तर फोटो हुकेल. पिनवर विसंबलात तर प्रकरण जिवावर बेतू शकतं.

आधी ही गुहा कुठून येते ते बघू

दोन प्रकारच्या गुहांमध्ये लोक नेहमी गल्लत करतात. एक म्हणजे खडकातली गुहा, जिच्या आत बर्फ साठतो. आपलं अमरनाथ किंवा ऑस्ट्रियातलं आइसरीझेनवेल्ट या प्रकारातलं. तिथे छत दगडाचं असतं, ते हजारो वर्षं टिकतं. दुसरी म्हणजे हिमनदीच्या पोटातली गुहा. तिथे छत, भिंती, कधीकधी जमीनसुद्धा बर्फाची. इन्स्टाग्रामवरची निळी गुहा ही दुसऱ्या प्रकारची.

आम्ही गेलो होतो ब्रेइदामेर्कुरयोकुत्लला. (उच्चार जमला नाही तरी चालेल, तिथले लोक हसत नाहीत. शेवटच्या 'योकुत्ल'चा अर्थच हिमनदी.) आइसलँडच्या आग्नेयेला वात्नायोकुत्ल नावाचा प्रचंड हिमपट्टा आहे. क्षेत्रफळ साधारण ७,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळपास निम्मं. त्यातून जिभेसारख्या अनेक हिमनद्या खाली उतरतात, त्यातली ही एक.

उन्हाळ्यात हिमनदीचा वरचा थर वितळतो. ते पाणी भेगांमधून आणि विहिरीसारख्या उभ्या भोकांमधून आत शिरतं आणि तळाशी वाट काढत पुढे जातं. वाहतं पाणी भिंती वितळवून बोगदा रुंद करतं. त्याच वेळी वरच्या बर्फाचं वजन तो बोगदा दाबून बंद करू पाहतं, कारण बर्फ आपल्याला टणक वाटला तरी दाबाखाली तो अतिशय संथपणे वाहतो. म्हणूनच तर ती 'नदी'. या ओढाताणीचं गणित हान्स रोथलिसबर्गर या स्विस शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलं. बर्फ किती वेगाने वाहतो याचा नियम त्याआधीच जॉन ग्लेन यांनी दिला होता, आणि तो मोठा रंजक आहे. बर्फावरचा ताण दुप्पट केला तर वाहण्याचा वेग दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतो.

थंडी आली की वितळणं कमी होतं, पाणी ओसरतं आणि रिकामा बोगदा मागे उरतो. हीच आपली गुहा. आता तिला रुंद करणारं पाणी नाही, पण दाबणारं वजन तसंच आहे. म्हणजे गुहा तयार झाल्या दिवसापासून ती मिटायला लागलेली असते. छत जाड असेल तर ती हळूहळू दबत जाते. पातळ असेल तर तडा जाऊन तुकडा पडू शकतो. वसंतात पाणी परत आलं की बोगदा पुन्हा भरतो. पुढच्या हिवाळ्यात गुहा तिथेच मिळेल असं नाही, आणि मिळाली तरी आकार वेगळा असेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पिनच्या वेळी लागणार आहे.

निळा रंग खरा की फिल्टर?

खरा. फ्रिजमधला बर्फ पांढरट दिसतो कारण त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि ते सगळ्या रंगांचा प्रकाश विखुरतात. हिमनदीत वर्षानुवर्षं बर्फावर बर्फ साठून बुडबुडे दाबले जातात, बर्फ घट्ट आणि पारदर्शक होतो. मग प्रकाश आतवर, कित्येक मीटर जाऊ शकतो. बर्फाचे रेणू लाल प्रकाश थोडासा शोषतात. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात ते कळतही नाही, पण दोन-चार मीटर जाडीत लाल बराचसा गळून जातो आणि निळा उरतो. आकाश निळं दिसण्याचं कारण वेगळं आहे. तिथे निळा प्रकाश विखुरतो, इथे लाल गायब होतो.

भिंतीत मध्येच काळे पट्टे दिसतात. ती घाण नाही, ज्वालामुखीची राख आहे. वात्नायोकुत्लच्या खालीच ज्वालामुखी आहेत. त्यातला ग्रिम्सवॉत्न २०११ मध्ये फुटला होता. आमच्या गाइडने असा एक पट्टा दाखवून सांगितलं, ही बर्फाची डायरी. मला तर तो सरळ गिटचा कमिट लॉगच वाटला.

बॅटरी ३५ टक्क्यांवर असताना फोन बंद का होतो?

माझ्या एका मित्राचा फोन पार्किंगपासून गुहेपर्यंतच्या चालीतच बंद पडला. स्क्रीनवर ३५ टक्के दिसत होते. तो म्हणाला, 'बॅटरी खोटं बोलते.' बॅटरी खोटं बोलत नव्हती. चार्ज होता, बाहेर येत नव्हता.

असं समजा, गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे, पण पाइप आतून चिंचोळा झालाय. थेंब थेंब वापरलं तर येईल, पण शॉवर आणि नळ एकदम सोडला तर दाब कोसळेल. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवातून जातात. थंडीत हा द्रव दाट होतो, आयनांचा वेग मंदावतो, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. तुम्ही कॅमेरा उघडला, स्क्रीन फुल ब्राइट केली, वर फोन नेटवर्क शोधतोय. एकदम जास्त करंट लागला की रोध वाढलेला असल्याने व्होल्टेज खाली कोसळतं. ते ठरावीक मर्यादेखाली गेलं की प्रोसेसर बेभरवशाने चालू नये म्हणून फोन स्वतःच बंद होतो. ॲपल तर आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हीच मर्यादा सांगतं. अँड्रॉइड फोनची बॅटरीही त्याच रसायनाची.

फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, शरीराला चिकटून ठेवला की पाइप पुन्हा मोकळा होतो. मित्राचा फोन वीस मिनिटांनी चालू झाला आणि टक्केही जवळपास तेवढेच होते.

इथे एक धोका आहे जो फारसा कुणी सांगत नाही. थंडगार फोनला लगेच पॉवर बँक लावू नका. शून्याखाली चार्ज करताना लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचू शकतं, आणि ते नुकसान कायमचं. चांगले फोन अशा वेळी चार्जिंग थांबवतात किंवा हळू करतात, तेव्हा 'केबल खराब आहे' म्हणून वैतागू नका. आधी फोन गरम होऊ द्या.

गंमत म्हणजे गुहेच्या आत फोनची तब्येत बाहेरपेक्षा बरी असते. आइसलँडच्या हिमनद्यांचा बर्फ वितळण्याच्या तापमानाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे आत शून्याच्या आसपास हवा आणि वाराही नाही. खरी मारामारी बाहेरच्या वाऱ्यात. वाऱ्यामुळे फोन हवेपेक्षा जास्त थंड होत नाही, पण हवेच्या तापमानाला फार पटकन पोचतो.

आणि परतल्यावर? आपण एसी गाडीतून कोकणातल्या दमट हवेत उतरलो की चष्म्यावर वाफ धरते, तेच फोनच्या लेन्सवर होतं. गाडीत किंवा हॉटेलात शिरण्याआधी फोन झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत टाका आणि पिशवीतच गरम होऊ द्या. बाष्प पिशवीवर जमेल, फोनवर नाही.

फोटो

कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर साधारण असं धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं आहे. सगळीकडे पांढरं बर्फ दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडतो. म्हणून बाहेरचा बर्फ राखाडी येतो. स्क्रीनवर बर्फावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा.

गुहेत उलटी अडचण. ऑटो व्हाइट बॅलन्सला सगळं निळं दिसलं की तो समजतो, प्रकाशच निळा आहे, आणि निळा कमी करायला जातो. कधी फोटो फिकट येतो, तर कधी फोनचं सॉफ्टवेअर रंग 'छान' करायच्या नादात इतका गडद निळा करतं की जे आम्ही पाहिलं ते हे नव्हेच. फोनमध्ये रॉ फॉरमॅट असेल तर त्यात काढा, रंग नंतर ठरवता येतो. नाइट मोड अनेक फ्रेम जोडून फोटो बनवतो, त्यामुळे फोन दगडावर टेकवा आणि श्वास रोखा. हातमोजे काढायचे नसतील तर व्हॉल्यूमच्या बटणाने फोटो निघतो. साध्या मोज्यातून टच चालत नाही, कारण स्क्रीनला बोटाचा विद्युतभार जाणवावा लागतो. वर ठिबकणाऱ्या पाण्याचे थेंब स्क्रीनला बोटंच वाटतात, ते वेगळंच.

आता ती पिन

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा आधीच अत्यंत क्षीण झालेला असतो. कोरड्या, खूप थंड बर्फातून रेडिओ लहरी बऱ्यापैकी आरपार जातात, म्हणूनच शास्त्रज्ञ रडारने हिमनदीची जाडी मोजू शकतात. पण इथल्या बर्फात पाणी मुरलेलं असतं, आणि पाणी जीपीएसचा सिग्नल गिळतं. जो काही आत येतो तो भिंतींवर आपटून येतो, म्हणजे लांबचा रस्ता धरून, त्यामुळे अंतराचं गणित चुकतं. गुहेत शिरल्यावर दहा-पंधरा पावलांत माझा निळा ठिपका थिजला आणि भोवतीचं फिकट वर्तुळ मोठं होत गेलं. ते वर्तुळ म्हणजे फोनची प्रामाणिक कबुली असते: मी या गोलात कुठेतरी आहे. मोबाइल नेटवर्क तर त्याच्याही आधी गेलं.

पण मॅपचा मोठा प्रश्न हा नाही. पिन म्हणजे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे. पृथ्वीवरची ती जागा कुठे जात नाही, पण त्या जागेवरचा बर्फ वाहून पुढे जातो. हिमनदीनुसार हा वेग वर्षाला काही मीटरपासून शेकडो मीटरपर्यंत असतो. त्यात गुहा दर मोसमाला नवी. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ती पिन म्हणजे मुदत न घातलेला कॅशे. मित्राने डीपी बदलला तरी तुमच्या फोनवर जुनाच दिसत राहतो ना, तसं. मूळ गोष्ट बदलली, प्रत तशीच राहिली. त्यावरचे स्टार आणि रिव्ह्यू कदाचित वितळून गेलेल्या गुहेचे असतात. फोटोवरूनही कळत नाही, कारण बहुतेक सोशल मीडिया ॲप अपलोड करताना फोटोतली तारीख आणि लोकेशनची माहिती काढून टाकतात. प्रायव्हसीसाठी हे चांगलंच आहे, पण फोटो कालचा की चार हिवाळ्यांपूर्वीचा, हे बघणाऱ्याला समजत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये हे प्रत्यक्ष घडलं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी गाइड म्हणाली, ठरलेल्या गुहेत पाणी वाढलंय, आज तिथे जायचं नाही, दुसऱ्या लहान गुहेत जाऊ. एक पर्यटक चिडला. त्याने बुकिंगच्या पानावरचा फोटो तिच्यासमोर धरला, 'मी याचे पैसे दिलेत.' तिने शांतपणे फोटो पाहिला आणि म्हणाली, 'ही दोन वर्षांपूर्वीची. ही आता नाहीच आहे.' तो फोटोकडे बघत राहिला. वाद तिथेच संपला.

तिचं म्हणणं किती गंभीर होतं हे कळायला २५ ऑगस्ट २०२४ आठवा. याच ब्रेइदामेर्कुरयोकुत्लवर, गुहा पाहायला गेलेल्या ग्रुपवर बर्फाचा मोठा भाग कोसळला. एका अमेरिकन पर्यटकाचा मृत्यू झाला, त्याच्यासोबतची स्त्री जखमी झाली. महिना बघा, ऑगस्ट. वितळण्याचा मोसम. पुढे जे झालं ते आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. सुरुवातीची माहिती होती की ग्रुपमध्ये २५ जण आहेत आणि दोघं बर्फाखाली अडकलेत. सुमारे दोनशे बचावकर्ते आले. त्यांनी कोसळू शकणाऱ्या बर्फाजवळ उभं राहून, बरंचसं हातानेच, बर्फ फोडला. दुसऱ्या दिवशी स्पष्ट झालं की ग्रुपमध्ये २३ जणच होते. खाली कुणीच नव्हतं. यादीतल्या दोनच्या फरकापायी कितीतरी लोकांनी जीव धोक्यात घातला.

म्हणून गुहेच्या तोंडाशी आमच्या गाइडने आम्हाला मोजलं, आत मोजलं, बाहेर आल्यावर पुन्हा मोजलं, बोटं दाखवून, मोठ्याने. मला ते फार आवडलं.

मग फोन कशाला न्यायचा?

न्यायचा, पण योग्य कामासाठी. निघण्याआधी '११२ आइसलँड' ॲप टाका. मदत मागताना ते तुमचं लोकेशन पाठवतं. काही नव्या फोनमध्ये उपग्रहावरून एसओएस पाठवायची सोय आहे, पण ती सगळ्या देशांत नाही आणि तिला उघडं आकाश लागतं. बर्फाच्या छताखाली तिचा उपयोग शून्य. फोनच्या टॉर्चवर तर अजिबात राहू नका. बॅटरी तीच, आणि हात मोकळे राहत नाहीत. हेल्मेट, हेडलॅम्प आणि बुटाखाली बांधायचे लोखंडी दात म्हणजे क्रॅम्पॉन, हे गाइडकडून मिळतात.

घरबसल्या एक प्रयोग करून बघा. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये याच हिमनदीसमोरचा योकुल्सारलोन तलाव शोधा. १९८४ पासूनची उपग्रह चित्रं आहेत. हिमनदी मागे सरकत जाते आणि तलाव वाढत जातो, हे तुमच्या फोनवर काही सेकंदांत दिसतं. ताजी चित्रं हवी असतील तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट आहेत. ढग नसतील तर काही दिवसांपूर्वीचं चित्र मिळतं. पण त्यातला एक पिक्सेल १० मीटरचा आहे. अख्खं गुहेचं तोंड एका पिक्सेलमध्ये मावतं. हिमनदी किती मागे गेली हे उपग्रह सांगेल, छताला आज सकाळी तडा गेलाय का हे नाही सांगणार. त्यासाठी कुणाला तरी आजच तिथे चालत जाऊन बघावं लागतं. आइसलँडमध्ये गाइड ते करतात.

आपल्याकडे हे कुठे लागू पडतं? गोमुखला. गंगोत्री हिमनदीच्या तोंडातून भागीरथी जिथून बाहेर पडते ती कमान म्हणजे हिमनदीचीच गुहा, तळातल्या पाण्याने कोरलेली. पुण्या-मुंबईचे ट्रेकिंग ग्रुप गंगोत्रीपासून साधारण १८ किलोमीटर चालून तिथे जातात. फरक एवढाच की आइसलँडमध्ये गुहा हिवाळ्यात बघतात, पाणी ओसरल्यावर. गोमुखला हिवाळ्यात जाताच येत नाही, राष्ट्रीय उद्यान बंद असतं. आपण जातो मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बर्फ वितळत असताना आणि आतून नदी जोरात वाहत असताना. कमानीवरून बर्फाचे आणि दगडांचे तुकडे पडत असतात. तेव्हा मॅपवरच्या गोमुखच्या पिनपर्यंत पोचायचा हट्ट सोडा, तोंड तसंही मागे सरकतंय. फोटो लांबूनच घ्या, टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा, आणि फोन आतल्या खिशात ठेवा.